घरात कुणाचं अन्नाशी बिनसलं तर

माझी भाची बारावीनंतर कऱ्हाडहून पुण्याला शिकायला आली, ती कर्वेनगरला आमच्याकडेच राहायला. पहिले काही महिने मी येईल-जाईल त्याला कौतुकानं सांगत होते की पोरगी किती गुणाची, पहाटे उठून टेकडीवर जाते, साखर-मैद्याला शिवत नाही आणि दर रविवारी आम्हाला केक करून घालते. त्या केकचा कणही ती स्वतः तोंडात घालत नाही, हे माझ्या लक्षात यायला दिवाळी उजाडली. चकल्या तळताना ती चार-चारदा हात धुवायला उठत होती. उडालेलं तेल कातडीतून अंगात मुरेल अशी तिला भीती वाटत होती, हे तिनं पुढे दीड वर्षानं सांगितलं. त्या दिवशी मी एवढंच म्हणाले, "किती गं तुझी ती स्वच्छता!"

ज्यांच्या घरात असं काही नुकतंच दिसायला लागलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं, जे आम्ही चुकत-माकत केलं, ते क्रमानं मांडते. वजनाचा किंवा कॅलरीचा एकही आकडा मी मुद्दाम दिलेला नाही. उद्या हेच पान ती व्यक्तीही वाचेल, आणि असा आकडा दिसला की तिच्या डोक्यात त्याच्याशी शर्यत सुरू होते.

आधी नाव नीट घ्या

वर्तमानपत्रं याला 'आहारविकृती' म्हणतात. घरात हा शब्द वापरू नका. 'विकृती' ऐकल्यावर कोण तुमच्याशी मन मोकळं करेल? आम्ही 'खाण्याचा आजार' म्हणायचो. डॉक्टर ईटिंग डिसऑर्डर म्हणतात आणि त्यात निरनिराळे प्रकार येतात. ॲनोरेक्सियात माणूस खाणं तोडत जातो, वजन वाढण्याची धास्ती घेतो आणि आपण वाळलोय हे त्याला आरशातही दिसत नाही. बुलिमियात एकाच बैठकीत ताबा सुटल्यासारखं खाल्लं जातं आणि मग ते भरून काढायला उलट्या, जुलाबाची औषधं, उपास किंवा बेसुमार व्यायाम होतो. बिंज ईटिंगमध्ये तसं खाणं असतं, पाठोपाठ लाज असते, पण उलट्या वगैरे नसतात. चौथा प्रकार आरफिड. त्यात बारीक होण्याचा प्रश्नच नसतो, पण घास अडकण्याची भीती किंवा वास, चव, स्पर्श नकोसा झाल्यामुळे खाणं आकसत जातं. लहान मुलांत दिसतो, म्हणून 'नखरे' म्हणून सोडून दिला जातो.

यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, की अंगकाठीवरून आजार ओळखता येत नाही. बुलिमिया असलेली बहुतेक माणसं चारचौघांसारखीच दिसतात. आणि हा फक्त मुलींचा आजार नाही. पोलीस भरतीची तयारी करणारा, जिममध्ये 'कटिंग' म्हणजे चरबी उतरवणं चालू असलेला मुलगा जेव्हा डब्यातला भात मोजून काढून ठेवतो, तेव्हा त्याच्याकडेही तितकंच लक्ष द्या.

घरात एखादे काका असतातच, "आमच्या वेळी नव्हती ही थेरं, मोबाइलनं आणलंय हे सगळं." त्यांना सांगा की ॲनोरेक्सिया हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 साली दिलं. तेव्हा विजेचा दिवाही घरोघरी नव्हता. मोबाइल आगीत तेल ओततो हे खरं, पण आग त्याची नाही. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलंय. म्हणून 'आपलं कुठं चुकलं' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवायला हरकत नाही. माझ्या बहिणीनं तो सहा महिने उराशी धरला आणि त्या सहा महिन्यांत ती भाचीशी सरळ बोलूच शकली नाही.

काय दिसतं

कॉलेजात खाल्लं, मैत्रिणीकडे खाल्लं, पोट बिघडलंय, अशी उत्तरं रोज यायला लागतात. पोळी कपड्यात, टिश्यूत, कुंडीत सापडते. आमच्याकडे खालच्या कुत्र्याचं वजन वाढलं तेव्हा उलगडा झाला. जेवण झाल्या-झाल्या बाथरूम, तेही नळ मोठा सोडून. चुलीपुढे उभं राहिलं तरी थंडी वाजते. केस गळतात, अंगावर बारीक लव येते, पाळी अनियमित होते किंवा थांबते. सतत उलट्या होत असतील तर कानाखाली गालाशी सूज येते, दात झिजतात, बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. घरातलं पोट साफ करायचं चूर्ण लवकर संपायला लागतं. (त्या चूर्णानं शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, खाल्लेलं तोवर पचून गेलेलं असतं. पण हे सांगून सवय सुटत नाही.) टेकडीला एकही सुट्टी नाही, पाऊस असो की ताप.

आणि अन्नाविषयीचं वेड. हे बाहेरच्याला उलटं वाटतं. जी खात नाही ती दिवसभर रेसिपींचे व्हिडिओ का बघते? मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. ते तरुण स्वयंपाकाची पुस्तकं वाचायला लागले, पाककृती जमवायला लागले, एकेक जेवण तासभर लांबवायला लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. त्यांना बारीक व्हायचं नव्हतं. उपासमारच तसं करते. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे रविवारचे सगळे केक आले.

पहिलं बोलणं

जेवणाच्या वेळी नको, कुणासमोर नको, भांडणाच्या ओघात तर मुळीच नको. एकच माणूस बोलू दे. मला सर्वांत सोपं गेलं ते शेजारी बसून बोलणं, समोर बसून नाही. आम्ही कमला नेहरू पार्कातल्या बाकावर बसलो होतो, दोघींची नजर समोर खेळणाऱ्या पोरांकडे.

जे पाहिलंय तेवढंच सांगा, निदान करू नका. "तू गेले दोन महिने आमच्याबरोबर जेवली नाहीस. काल जिन्यात तुला चक्कर आली. मला काळजी वाटते. आपण एकदा डॉक्टरांना दाखवू या, मी बरोबर येते." एवढं पुरे. "तुला ॲनोरेक्सिया झालाय, मी वाचलंय" असं म्हणालात की चर्चा वाचलेल्यावर सुरू होते आणि त्या वादात तुम्ही हरणार, कारण तिनं तुमच्यापेक्षा शंभरपट वाचलेलं असतं.

ती चिडेल. "मला काही झालेलं नाही" म्हणेल. खोटं बोलतेय असं समजू नका. या आजारात आपण आजारी आहोत हे खरोखरच जाणवत नाही, अनेकांना तर तो आजार आपला आधार वाटतो. म्हणून पटवून द्यायचा हट्ट सोडा, फक्त डॉक्टरांपर्यंत नेण्याचा धरा. अठराच्या आतलं मूल असेल तर पालकांनी ठरवायचं आणि न्यायचं, तापात नेतो तसं. मोठी व्यक्ती असेल तर लहान मागणी करा: "मानसोपचाराचं राहू दे, आधी नुसती नाडी आणि रक्त तपासून घेऊ." आमची त्यावर तयार झाली.

डॉक्टरांकडे काय मागायचं

आमची पहिली भेट वाया गेली. एका जवळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वजन मोठ्यानं वाचून दाखवलं, "हल्ली सगळ्याच मुलींना हिरॉइन व्हायचं असतं" म्हणाले आणि टॉनिक लिहून दिलं. परतताना रिक्षात भाची खुशीत होती, कारण तिच्या लेखी डॉक्टरांनी तिला पास केलं होतं. त्यामुळे जायच्या आधी फोन करून किंवा चिठ्ठीवर लिहून कल्पना द्या: खाण्याच्या आजाराची शंका आहे, वजन तिला न दाखवता करा, आकडा तिच्यासमोर बोलू नका. काट्यावर पाठमोरं उभं करतात, त्यात अवघड काही नाही.

तपासण्यांत नाडी आणि रक्तदाब झोपवून आणि मग उभं करून, दोन्ही हवेत. ईसीजी हवा. रक्तात साखर, सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट, किडनी, लिव्हर, थायरॉइड, हिमोग्लोबिन. पाळी बरेच महिने बंद असेल तर हाडांच्या घनतेची तपासणी. आणि हे पाटीवर लिहून ठेवा: रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणजे आजार नाही असं होत नाही. शरीर शेवटपर्यंत हिशेब जुळवत राहतं आणि मग एकदम कोसळतं.

भाचीची नाडी 46 भरली. मी म्हटलं, टेकडी चढते ना रोज, खेळाडूंची असते तशी असेल. दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "खेळाडूचं हृदय दणकट असतं म्हणून सावकाश चालतं. हिचं काटकसर म्हणून." टेकडी त्याच दिवशी बंद झाली.

यानंतर माणसं लागतात ती तीन-चार: शरीराकडे बघणारे डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशन करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञ. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते, ती बिनदिक्कत विचारा. पुण्यात खासगी दवाखाने पुष्कळ आहेत. खर्च झेपणार नसेल तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा, रांगेची तयारी ठेवायची. एकाच छताखाली सगळे विभाग असल्याचा तिथे फायदा होतो. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

पहिल्याच भेटीत विचारा: असे रुग्ण आधी पाहिलेत का? घरच्यांना उपचारात घेता का? वजन आणि नाडी कोण बघणार, आणि तुम्ही एकमेकांशी बोलणार का? आहारतज्ज्ञांच्या भिंतीवर 'आधी-नंतर'चे फोटो असतील तर उंबऱ्यावरूनच परत फिरा.

किशोरवयातल्या ॲनोरेक्सियासाठी घरच्यांच्या हातात जेवण देणारी एक उपचारपद्धती आहे, लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलात 1980 च्या दशकात उभी राहिलेली. तिचे तीन टप्पे असतात. आधी जेवणाची सगळी सूत्रं आई-वडिलांकडे, मग हळूहळू मुलाकडे, आणि शेवटी वयाचे बाकीचे प्रश्न. बुलिमिया आणि बिंज ईटिंगसाठी साधारण वीस भेटींची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी बोलण्याची उपचारपद्धती, असते, त्यात खाल्ल्याची नोंद ठेवणं आणि वेळेवर खाणं हा पाया. औषधं कधी लागतात, कधी नाही. एक खबरदारी घ्या: नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन बुलिमियात आणि ॲनोरेक्सियात फिट येण्याच्या धोक्यामुळे टाळतात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडून गोळ्या चालू असतील तर त्या सगळ्यांसमोर ठेवा.

ताट

आता मुख्य काम. आमच्या डॉक्टरबाईंनी मला प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर औषधाच्या जागी लिहून दिलं: 'नाश्ता, मधलं खाणं, जेवण, चहा-खाणं, जेवण, झोपताना दूध.' म्हणाल्या, "हेच औषध. डोस चुकवायचा नाही, आणि औषधावर वाद घालतात का कुणी?"

त्याआधी एक इशारा, कारण यात माया जिवावर बेतू शकते. खूप दिवस जवळपास उपाशी असलेल्या माणसाला एकदम पोटभर घालायचं नाही. बराच काळ उपाशी शरीरात अचानक पिष्टमय अन्न गेलं की इन्सुलिन वाढतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं. रक्तात त्यांचा खडखडाट झाला की हृदय दगा देऊ शकतं. पहिले काही दिवस किती द्यायचं आणि रक्त किती वेळा तपासायचं हे डॉक्टरच ठरवतात. जिनं आठवडाभर धड काही खाल्लेलं नाही तिला गावाहून आलेल्या आजीनं तुपाचे लाडू भरवायचे नाहीत.

पान तुम्ही वाढा. किती वाढायचं ते स्वयंपाकघरात ठरलेलं असू दे, ताटावर सौदा नको. "अर्धी पोळी कमी कर, मग भात खाते" याला एकदा होकार दिलात की उद्या पाव पोळीवर बोली सुरू होते. तीन-चार तासांहून जास्त मोकळा वेळ पोटाला द्यायचा नाही. जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं असा साधारण आमचा अंदाज होता. स्वयंपाक चालू असताना तिला स्वयंपाकघरात घेऊ नका. तेलाची धार बघून तिचा जीव जातो आणि तुमचा हात आखडतो.

तुम्ही शेजारी बसा आणि तेच जेवा. मला इथे स्वतःची झाडाझडती घ्यावी लागली. मी तेव्हा दोन वेळांचं डाएट करत होते, मधे काही नाही, आणि ते सोसायटीभर सांगत होते. जी मावशी चार वाजता स्वतः काही खात नाही ती भाचीला चार वाजता शेंगदाण्याची चिक्की खा म्हणते, तेव्हा त्या म्हणण्याला काय वजन? माझं डाएट गेलं. बाथरूममधला वजनकाटाही गेला, शेजारणीकडे, आजतागायत परत आणलेला नाही.

बोलायचं काय? फार थोडं. "अवघड जातंय, दिसतंय मला. मी आहे. पुढचा घास घे." हेच पुन्हा पुन्हा, त्याच आवाजात. बाकी गप्पा दुसऱ्याच: सिंहगड रोडचं ट्रॅफिक, कुणाचं लग्न, मालिकेतल्या सासूचा नवा डाव. "हे खाल्लं की तुला शक्ती येईल" वगैरे व्याख्यान नको, कॅलरीचं गणित नको. ती रडेल, ओरडेल, "तू मला जाड करायला निघालीयेस" म्हणेल. ते तिच्या तोंडून येतं, पण बोलतो आजार. आम्ही घरात या दोघांना वेगळं मानायला शिकलो, आजाराला उत्तर द्यायचं नाही आणि भाचीचा हात सोडायचा नाही.

हे लिहिणं सोपं आहे. तिसऱ्या महिन्यात एका रात्री पावणेदहापर्यंत वरण-भात निवत पडला होता आणि मी किंचाळले, "तुझ्या पायी मी नोकरीवर अर्धी रजा टाकून रांधतेय, कळतं का तुला?" ती उठून गेली. दुसऱ्या दिवशी मी माफी मागितली आणि नाश्ता वाढला. नाश्ता राहिला नाही, एवढंच मी बरोबर केलं. एक जेवण बिघडलं तर पुढचं वेळेवर वाढायचं, आदल्याची भरपाई त्यात घालायची नाही.

"पोट फुगलंय, जात नाही" हे नाटक नसतं. उपासमारीनं जठर मंद होतं, चार घासांत तट्ट वाटतं. नियमित खाण्यानंच ते हळूहळू पूर्वपदावर येतं. तोवर जेवणानंतर गरम पाण्याची पिशवी आणि सैल कपडे.

जेवणानंतरचा तास सर्वांत वाईट, विशेषतः उलट्यांची सवय असेल तर. दारावर पहारा ठेवला तर ती लाजेनं आणखी लपवते. आधीच ठरवून घ्या, की जेवणाआधी बाथरूमला जाऊन यायचं आणि नंतर तासभर एकत्र बसायचं. आमच्याकडे मिस्टरांनी माळ्यावरचा कॅरम काढला. ते रोज हरायचे, मुद्दाम की खरोखर ते अजून कळलेलं नाही. आणि उलटी झालीच तर ओरडू नका. पाण्यात खायचा सोडा घालून चूळ भरायला द्या, लगेच ब्रश करू देऊ नका, आम्लानं नरम झालेले दात घासले की आणखी झिजतात.

बिंज ईटिंग असेल तर लोकांचा पहिला सल्ला 'डाएट कर' असतो. तो उलटा पडतो. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री ताबा सुटतो आणि मग सकाळी पुन्हा उपास. डब्यांना कुलपं लावू नका, नाश्ता चुकू देऊ नका.

उपास, सणवार आणि 'तब्येत सुधारली'

आपल्या घरांत न खायला एक पवित्र सबब कायम हाताशी असते. श्रावणातले सोमवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, मार्गशीर्षातले गुरुवार. पूर्वी कधी हात न जोडणारी मुलगी एकाएकी आठवड्यात तीन उपास धरायला लागली तर भक्तीच्या आधी आजाराचा विचार करा. आमच्या सासूबाई जुन्या वळणाच्या, त्यांना हे कसं सांगावं या धास्तीत मी होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाचीला म्हणाल्या, "आजाऱ्याला उपास नसतो. तुझा गुरुवार मी धरते, देवीला मी सांगते काय ते. तू जेव." माझ्या तासभराच्या समजावणीनं जे झालं नव्हतं ते या दोन वाक्यांनी केलं.

सणांची आधी आखणी करा. गौरी जेवतात त्या दिवशी पानात काय आणि किती, हे आदल्या दिवशी ठरवा, ती कुणाशेजारी बसणार तेही. नैवेद्य उशिरा होणार असेल तर तिनं आधी खायचं, देव थांबतो. गर्दीची पंगत झेपणार नसेल तर ती घरी जेवू दे आणि आरतीला येऊ दे.

सर्वांत कठीण म्हणजे बोलणारी माणसं. मराठीत अंगावर बोलायला आपण किती शब्द करून ठेवलेत बघा: हडकलीस, सुकलीस, वाळलीस, भरलीस, खात्या घरची दिसतेस. आणि सगळ्यांचा राजा, "तब्येत सुधारलीय हं!" म्हणणाऱ्याच्या मनात माया असते, पण ऐकणारीला एकच अर्थ कळतो. भाचीला पहिल्यांदा हे वाक्य हळदी-कुंकवाला ऐकू आलं आणि पुढचे चार दिवस आमचे वाया गेले. तेव्हापासून मी नातेवाइकांना आधीच फोन करते, "तिच्या दिसण्यावर चांगलं-वाईट काहीच बोलू नका. अभ्यास विचारा, कॉलेज विचारा." 'आता छान दिसतेस' हेसुद्धा नको. 'शाब्बास, सगळं संपवलंस' हेही नको. लक्ष्मी रोडवर शिंप्याकडे जायचं असेल तर त्याला आधी सांगून ठेवा, मापं मोठ्यानं बोलून लिहू नका म्हणून. एकदा सांगितलं की तेही समजून घेतात.

थांबायचं नाही अशी लक्षणं

शुद्ध हरपणं, छातीत दुखणं किंवा धडधड, जागेपणी नाडी 50 च्या खाली, उलटीत रक्त, पाणीही न घेणं किंवा न टिकणं, बसल्या जागेवरून हात न टेकता उठता न येणं, असंबद्ध बोलणं, खाणं सुरू केल्यावर पहिल्या दिवसांत पायांवर सूज किंवा धाप. यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, 108 ला फोन करा. वारंवार उलट्या किंवा जुलाबाची औषधं घेणाऱ्याचं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, वरून माणूस ठीक दिसत असला तरी. मरणाची भाषा आली तर एकटं सोडू नका. स्पष्ट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं ते विचार येत नाहीत. टेलिमानसचा नंबर यासाठीही आहे.

कागद आणि पैसे

सगळे रिपोर्ट एका फायलीत तारखेनं लावा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच विमा द्यायचा आहे. आमचा पहिला दावा कंपनीनं नाकारला होता. कलमाचा उल्लेख करून लेखी तक्रार दिल्यावर फाइल पुन्हा उघडली. तिथेही दाद लागली नाही तर विमा लोकपालांचं कार्यालय पुण्यातही आहे. याच कायद्यानं सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी लिहून ठेवता येतो. तब्येत बरी असताना हा कागद करून घ्या. जिवाला धोका असताना ती निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर कायद्याच्या अटींत राहून मर्यादित काळासाठी दाखल करता येतं, तेव्हा या प्रतिनिधीला विचारतात. कॉलेजला डॉक्टरांचं पत्र देऊन एक सत्र सोडणं हाही मार्ग आहे. वर्ष वाया जाण्याची भीती आम्हालाही होती. ते गेलं आणि काही बिघडलं नाही.

तुम्ही फक्त रूममेट असाल तर

सदाशिव पेठेत, नव्या पेठेत, कॉट बेसिसवर राहणाऱ्या, मेसचा डबा वाटून खाणाऱ्या मुलींचे प्रश्न मला येतात. तुम्ही आई होऊ नका आणि गुप्तहेरही नाही. एकदा बाजूला घेऊन दिसलं ते सांगा. डबा एकत्र उघडून एकत्र जेवा, तुमच्या स्वतःच्या डाएटच्या गप्पा तिच्यासमोर बंद करा. "कुणाला सांगू नकोस" अशी शपथ घालू देऊ नका. ती चक्कर येऊन पडली तर घरी कळवायचंच, मग दोस्ती महिनाभर तुटली तरी चालेल.

तुमचं स्वतःचं

हे काम महिन्यांचं नाही, बहुधा वर्षांचं. पाळ्या लावा. आमच्याकडे रात्रीचं ताट मिस्टरांचं आणि शनिवार-रविवार कऱ्हाडहून येणाऱ्या बहिणीचा. ताटावर मतभेद दाखवायचे नाहीत, एकानं 'राहू दे आता' म्हटलं की दुसऱ्याचा दिवस पडतो. घरात दुसरं मूल असेल तर आठवड्यातली एक संध्याकाळ त्याची, त्या वेळी आजाराचा विषय नाही. माझा मुलगा एकदा म्हणाला, "मी पण जेवणं सोडू का म्हणजे तू माझ्याजवळ बसशील?" चेष्टेत म्हणाला, पण मी त्या रात्री झोपले नाही. मी स्वतः महिन्यातून एकदा समुपदेशकाकडे जात होते. लाज वाटत होती, तरी गेले.

भाची आता नोकरीला आहे, वेगळी राहते, सहाही वेळा खाते, दोन वेळा मजेनं. परीक्षा, प्रवास, लग्नसराई, ताप आला की घसरण होऊ शकते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून बरी असताना तिच्याकडूनच लिहून घेतलं की घसरायला लागले तर काय दिसेल आणि कुणी काय करायचं. कागद आमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. पहिली ओळ तिच्या अक्षरात अशी आहे: 'मी केक केला आणि स्वतः खाल्ला नाही, तर मावशीनं विचारायचं.' गेल्या जूनमध्ये एकदा विचारलं. गाल फुगवून बसली, मग ताटली पुढे ओढली.